चुकलं तरी एक

चहा किती, असं विचारलं की काका तोंडानं उत्तर देत नसत. आधी दोन्ही पाय जुळवून सरळ उभे राहत, समोरच्याकडे एकदा नीट बघत, आणि मग कोपर कमरेला लावून उजव्या हाताची तर्जनी पुढे करत. एक बोट म्हणजे अर्धा कप. दोन्ही हातांची दोन बोटं म्हणजे भरून कप, वर साखर. एकदा जेवताना सुनेनं दोन बोटं पाहून दोन चपात्या वाढल्या, तर ते गंभीरपणे म्हणाले, "दोन बोटं म्हणजे सहा असतात, पोरी." तिला वाटलं सासऱ्यांची भूक वाढली. तसं काही नव्हतं, त्यांना फक्त नियम सांगायचा होता.

हे सगळं ते बहरीनमध्ये येऊन शिकले होते, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, आणि तेही ऑस्ट्रेलियन लोकांकडून. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना परक्या गावात नेऊन सोडलं तरी महिन्याभरात ती आपल्या कामाची जागा हुडकून काढतात. काका त्यातले होते. त्यांना ती जागा मिळाली माझ्यामुळे, आणि गेली तीही माझ्यामुळेच. ते दुसऱ्या कुणाला माहीत नाही म्हणून इथे सांगतो आहे.

माहूजमधल्या आमच्या इमारतीत सुहास माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. तो सीफमधल्या एका बँकेत आहे, त्याची बायकोही नोकरी करते. काका म्हणजे सुहासचे वडील. वाळव्याकडच्या एका हायस्कुलात पी.टी.चे शिक्षक होते आणि चाळीस वर्षं कबड्डीचे पंच. काकू गेल्यावर गावात एकटे नकोत म्हणून सुहासनं त्यांना काही महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर इकडे आणलं. इथे ते जास्तच एकटे पडले. सकाळी सातला घर रिकामं व्हायचं ते संध्याकाळी भरायचं. नात ईरा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. आजोबा विचारायचे, जेवलीस का. ती म्हणायची, येस, आय डिड. पुढे काय बोलायचं हे दोघांनाही सुचत नसे.

माझी त्यांची ओळख इमारतीखालच्या पार्किंगमध्ये झाली. मी ऑफिसातून येऊन गाडी लावत होतो आणि एक पांढरी टोपी घातलेले गृहस्थ कमरेवर हात ठेवून माझ्या मागच्या चाकाकडे बघत होते. मी उतरलो तसे म्हणाले, "तुम्ही बाद आहात." मी पाहिलं तर चाक पांढऱ्या पट्ट्यावर चढलं होतं. रेषेला पाय लागला की माणूस बाद, त्यात वाद घालायचा नसतो, असं त्यांनी मला समजावलं, आणि मीही कसला वाद घालतोय, गाडी परत काढून नीट लावली. त्यावर ते खूश झाले. पुढच्या आठ दिवसांत त्यांनी आमच्या इमारतीतल्या अकरा गाड्या बाद केल्या होत्या आणि वॉचमन त्यांच्या बाजूनं होता.

मी सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये इंजिनियर आहे. उंच इमारतींना बाहेरून काचा लावतात, त्याचं आमचं काम. त्यामुळे काका मला इंजिनियर म्हणत. माझा स्वभाव भिडस्त. भिडस्त हा शब्द मी वापरतो, माझी बायको दुसरा वापरते. आमचा मॅनेजर ग्लेन हा ऑस्ट्रेलियन, पन्नाशीला टेकलेला, आणि दर शुक्रवारी सकाळी तो इथल्या ऑस्ट्रेलियन लोकांच्या संघातून त्यांचा तो फुटबॉल खेळायचा. एका गुरुवारी त्यानं सगळ्यांना सांगितलं, उद्या सामना आहे, बघायला कुणीच येत नाही, या की. बाकीचे हो म्हणून घरी बसले. मी गेलो. एकट्यानं कंटाळण्यापेक्षा सोबत बरी म्हणून काकांना घेऊन गेलो, यापलीकडे माझा काही विचार नव्हता.

बुदय्या रस्त्याच्या पलीकडे एका क्लबचं हिरवं मैदान आहे. तिथे दोरीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही बसलो. पहिला अर्धा तास काका हाताची घडी घालून होते. त्यांना एकेक गोष्ट खटकत गेली. चेंडू लांबोडका, म्हणजे टप्पा कुठे जाणार ते देवाला ठाऊक. तो हातात घेऊन पळायचं, पण फेकायचा नाही, बुक्की मारून द्यायचा. ऑफसाइड नाही, त्यामुळे कुणीही कुठेही. दोघंतिघं एकदम हवेत उड्या मारताहेत, त्यातला एक दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा देऊन चढतो आहे आणि पंच त्याला शाबासकी दिल्यासारखा शिट्टी वाजवतो आहे. काका म्हणाले, हा खेळ नव्हे, जत्रेत बैल सुटल्यावरची पळापळ आहे.

मग त्यांची नजर मैदानाच्या टोकाला गेली. तिथे चार खांब होते, मधले दोन उंच आणि बाजूचे दोन बुटके, आणि उंच खांबांपाशी पांढरा कोट घातलेला एक माणूस एकटाच उभा होता. चेंडू त्या बाजूला आला की तो लगबगीनं त्याच्या रेषेत यायचा, पाय जुळवायचा, आणि बोट पुढे करून पांढरे झेंडे हलवायचा. काकांनी विचारलं हा कोण. मी ग्लेनकडून ऐकलेलं सांगितलं की तो गोल अंपायर, चेंडू मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण, त्याची खूण दोन बोटं, आणि थोडा हुकून बाजूच्या खांबातून गेला तर एक.

"म्हणजे चुकलं तरी एक देतात?"

मी म्हटलं, हो, चुकलं तरी एक.

काकांनी हाताची घडी सोडली. मग म्हणाले, चाळीस वर्षं शिट्टी वाजवली, पोरं जिवाच्या आकांतानं हात लांबवायची, वीतभर कमी पडायचा आणि बाद होऊन बाहेर बसायची. त्यांनाही काहीतरी द्यावं हे आमच्यात कुणाच्या डोक्यात आलं नाही. मोठ्या मनाचा खेळ आहे हा, इंजिनियर.

तेवढ्यात एक चेंडू मधल्या खांबांतून गेला आणि तरी पांढऱ्या कोटवाल्यानं एकच बोट दाखवलं. काका खुर्चीतून उठले. मी शेजारच्या बाईंना विचारून त्यांना सांगितलं, की आत जाता जाता बचाव करणाऱ्याचं नुसतं बोट जरी लागलं, तरी सहाचा एक होतो. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की एवढी महत्त्वाची गोष्ट मी इतका वेळ दाबून का ठेवली. कबड्डीच्या पंचानं जन्मभर दुसरं काय केलेलं असतं? हात लागला की नाही, बोट लागलं की नाही, कापड लागलं की कातडी. "मग हे आपलंच काम आहे की," ते म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी चेंडूकडे पाहिलंच नाही, फक्त त्या माणसाकडे पाहिलं.

तिसऱ्या शुक्रवारी तो माणूस आला नाही. ग्लेन खेळाडूंमध्ये विचारत हिंडत होता, कोण उभा राहील. काका केव्हाच खांबांपाशी जाऊन पाय जुळवून उभे होते. ग्लेननं मला विचारलं, यांना नियम माहीत आहेत का. मी म्हटलं, तुझ्यापेक्षा जास्त. भाषेची अडचण नव्हतीच, कारण त्या कामात बोलायचं काही नसतं. तरीही गरज पडली तर दुभाषा असावा म्हणून मी पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या मागे उभा राहू लागलो. दोन महिन्यांत चारपाच वेळासुद्धा माझी गरज पडली नाही.

क्लबनं त्यांना एक जुना पांढरा कोट दिला, संघातल्या कुणा डॉक्टरचा. तो त्यांना घोट्यापर्यंत यायचा. सुनेकडून तो आखूड करून घेतला, आणि दर गुरुवारी संध्याकाळी त्याला स्टार्च करून स्वतः इस्त्री मारू लागले. क्लबची गोल हॅट मात्र त्यांनी नाकारली, आपली टोपीच ठेवली. बाहेरून आलेल्या एका संघाला वाटलं की नियमातली टोपी हीच, आणि ती कुठे मिळते म्हणून त्यांनी चौकशीही केली.

त्यांना सगळ्यात आवडायचा तो झेंड्यांचा प्रकार. या टोकाच्या पंचानं झेंडे हलवून गुण दाखवले, की त्या टोकाच्या पंचानंही आपले झेंडे हलवायचे, म्हणजे पाहिलं, लिहून घेतलं. त्या टोकाला एक ऑस्ट्रेलियन शिक्षिका उभ्या असत. काकांची त्यांच्याशी कधी शब्दानं ओळख झाली नाही, पण दर शुक्रवारी दीडशे पावलांवरून दोघं एकमेकांना झेंडे दाखवत. काका म्हणायचे, आपल्याला दिसलं ते दाखवायचं, पलीकडच्यानं पाहिलं म्हणून सांगायचं, मग ते खरं झालं. कबड्डीत पंच एकटा पडायचा. "दिसलं ते दाखवायचं, बाकीचं आपलं नाही," हे तर त्यांचं पालुपद होतं. सुनेनं आमटीत मीठ कसं आहे विचारलं तरी ते हेच म्हणत आणि एक बोट दाखवत.

ईरा त्यांच्याबरोबर येऊ लागली. दोरीबाहेर बसून वहीत गुण लिहायची. घरीसुद्धा आजोबा आणि नात बोटांनी बोलायचे. शाळा कशी झाली? दोन बोटं. गणित? एक बोट. शब्दांची अडचण त्यांनी परस्पर सोडवून टाकली होती. चेंडू आत गेला की ती ओरडून विचारायची, "आजोबा, वॉज इट टच्ड?" आणि ते मान न वळवता म्हणायचे, "टच्ड." सुहास मला एकदा लिफ्टमध्ये म्हणाला, बाबा इथे येऊन हसायला लागले. त्यानं माझे आभार मानले. मी ते घेतले.

त्याच सुमारास आमच्या वर्कशॉपमधली कामं आटली होती. चार इंजिनियर गेले. माझं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीस संपत होतं, आणि पुढे चालू ठेवायचं की नाही ते ग्लेनच्या सहीवर होतं. कॉन्ट्रॅक्ट नाही म्हणजे व्हिसा नाही, आणि माझी मुलगी बारावीला. ऐन वर्षात तिला उचलून कुठे नेणार? ऑफिसात विचारलं की इंशाल्ला म्हणायचे, आणि आमच्या ऑफिसात त्याचा अर्थ उद्यापासून कधीच नाही इथपर्यंत काहीही होतो. बायकोला सांगायची हिंमत नव्हती. सांगितलं ते फक्त काकांना, एका संध्याकाळी पार्किंगमध्ये. त्यांनी होईल हो वगैरे म्हटलं नाही. विचारलं, काम नीट करता ना? मी हो म्हटलं. मग दिसेल त्यांना, म्हणाले.

मोसमातला मोठा सामना दुबईहून आलेल्या संघाशी होता. मुख्य पंच पूल ओलांडून सौदीतल्या खोबरहून आलेला. नेहमीपेक्षा माणसं जास्त होती, बायकामुलं, ऑफिसातलेही काही. शेवटचं मिनिट चालू होतं आणि ग्लेनचा संघ तीन गुणांनी मागे होता. चेंडू ग्लेनकडे आला. त्यानं पळता पळता लाथ मारली आणि चेंडू हवेत असतानाच भोंगा वाजला. पायातून सुटलेला चेंडू मोजतात. सहा मिळाले तर जिंकले, एक मिळाला तर दोन गुणांनी हरले.

काका चेंडूच्या रेषेत येऊन पाय जुळवून उभे होते. दुबईचा एक उंच खेळाडू रेषेवर उडाला. चेंडू त्याच्या हातावरून आत आला. मी काकांच्या मागे दहा पावलांवर होतो. चेंडू फिरत येत होता, आणि त्या माणसाच्या हातापाशी त्याची गिरकी बिघडली. मला ते स्पष्ट दिसलं. म्हणजे मी गोंधळलो होतो असं म्हणायची सोय मला नाही.

काकांनी मुख्य पंचाकडे वळून एका हाताच्या बोटानं दुसऱ्या हाताच्या बोटाचं टोक टेकवून दाखवलं. बोट लागलं. एकच गल्ला झाला. दुबईचा खेळाडू लागलं लागलं म्हणत होता, आमचे लोक नाही नाही म्हणत होते. मुख्य पंच धापा टाकत आला. तो लांब होता, मध्ये तिघं आडवे होते, पण त्याच्या मते चेंडू मोकळा गेला होता. त्यानं मला शांतपणे सांगितलं, यांना विचार, पक्की खात्री आहे का. खात्री असेल तर एक गुण, माझं काही म्हणणं नाही. खात्री नसेल तर मला दिसलं ते धरतो आणि सहा देतो.

मी काकांना विचारलं.

"बोट लागलं," ते म्हणाले. "मधलं बोट, वरचं पेर. एकच."

मी वळलो. मुख्य पंचाच्या मागे ग्लेन उभा होता, कमरेवर हात, तोंडावरून घाम ओघळतो आहे, आणि माझ्याकडे बघत होता. इथे मला त्याच्यावर अन्याय करायचा नाही. तो एक शब्द बोलला नाही, त्यानं डोळ्यानंही काही सुचवलं नाही. जे सुचलं ते मलाच.

"ही इज नॉट शुअर," मी म्हणालो.

तेवढ्यावर भागलं असतं. पण मी पुढे असंही सांगितलं, की यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, वय झालं, दिसायला त्रास होतो. ऑपरेशन झालं होतं हे खरं. त्यानंतर त्यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसत होतं हेही खरं. ते मला कुणी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नाही.

शुअर हा शब्द वाळव्यातही कळतो, आणि नॉटही कळतो. काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. चढाई करून परतणाऱ्या पोराकडे पंच बघतो, हात लागला होता की नव्हता एवढ्यापुरतं, तसं पाहिलं. मुख्य पंचानं हात वर केला. सहा.

आणि ते सहा दाखवायचे होते काकांनी. नियमच तसा आहे. ते झेंडे टाकून निघून गेले असते तर कुणी काय करणार होतं? पण ते पंच होते, आणि मुख्य पंचानं निर्णय दिला होता. दोन खांबांच्या मधोमध जाऊन त्यांनी पाय जुळवले, आणि दोन्ही हातांची दोन बोटं पुढे केली. मग झेंडे उचलून हलवले. पलीकडच्या टोकाला शिक्षिका बाईंनी आपले झेंडे हलवले. लिहून झालं.

लोकांनी ग्लेनला खांद्यावर घेतलं. दोघांनी येऊन काकांची पाठ थोपटली. दोरीपलीकडून ईरानं नेहमीसारखं विचारलं, "आजोबा, वॉज इट टच्ड?" काकांनी पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. कोटाची बटणं काढायला लागले. तिनं तीनदा विचारलं. परत येताना गाडीत ते एकच वाक्य बोलले, की एसी जरा कमी करा.

रविवारी ऑफिस उघडल्यावर मला माझं पत्र मिळालं. कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षं वाढवलं होतं. खाली ग्लेनची सही, आणि सहीखाली तारीख होती आधीच्या बुधवारची. सामन्याच्या दोन दिवस आधीची. ग्लेन म्हणाला, सामन्याच्या गडबडीत द्यायचं राहून गेलं, सॉरी. मग हसत हसत म्हणाला, खरं सांगू का, त्याचं बोट लागलं असावं असं मलाही वाटलं होतं, पण नशीब आपलं, तुझ्या काकांची खात्री नव्हती. मीही हसलो. ते हसू आठवलं की अजून मला स्वतःची किळस येते.

त्या गुरुवारी काकांनी कोट आणून दिला. मी घरी नव्हतो, म्हणजे होतो, पण आतल्या खोलीत होतो. बायकोनं दार उघडलं. स्टार्च केलेला, इस्त्रीची घडी, आत दोन्ही झेंडे गुंडाळून ठेवलेले. गुडघा दुखतो, दुसरं कुणीतरी बघा म्हणावं, असा निरोप होता. बायकोनं मला विचारलं, काही झालं का रे? मी म्हटलं, गुडघा दुखतो त्यांचा.

मी लिफ्ट सोडून जिन्यानं जाऊ लागलो. गाडी पट्ट्यांच्या अगदी मधोमध लावायचो आणि इकडेतिकडे बघायचो. काका आता पार्किंगमध्येही उतरत नव्हते.

पुढचं आधीच सांगून टाकतो. गावी गेल्यावर तिथल्या कबड्डीच्या सामन्यांना त्यांना पंच म्हणून बोलवायला मंडळी आली, तर त्यांनी हात जोडले. म्हणाले, नजर गेली आता, खात्री देता येत नाही. सुहासला याचं फार आश्चर्य वाटलं, कारण डोळ्यांच्या डॉक्टरनं सगळं उत्तम आहे असं सांगितलं होतं. बाबांच्या डोक्यात हे कुणी भरवलं कळत नाही, असं तो मला म्हणाला. मी ऐकून घेतलं. वर्षाच्या आत काका झोपेतच गेले. सुहासनं मला ते लिफ्टमध्ये सांगितलं, आणि माझा मजला आला म्हणून मी बाहेर पडलो. मधल्या त्या महिन्यांत एक फोन करायला मला किती वेळ लागला असता?

मला ते शेवटचे दिसले ते विमानतळावर. व्हिसाचे तीन आठवडे शिल्लक होते, पण गावाची आठवण येते म्हणून त्यांनी तिकीट अलीकडे घ्यायला लावलं. निघायच्या दिवशी सुहासला बँकेतून सुटता येईना, तर तो मलाच म्हणाला, सोडशील का, तुझ्याशी त्यांचं जमतं. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

मुहर्रकच्या पुलावर काका बाहेर पाण्याकडे बघत होते. मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि एकही पुरं होत नव्हतं. शेवटी तेच बोलले.

"तुमचं काम झालं का, इंजिनियर?"

म्हणजे त्यांनी सगळं जुळवलं होतं. मी असं का केलं असेल, याचं कारण त्यांनी माझ्यासाठी शोधून ठेवलं होतं. तिथे तरी मी सांगायला हवं होतं, की काम आधीच झालेलं होतं, बुधवारीच झालं होतं, तुमचा बळी मी फुकट दिला. पण त्यांच्याजवळ माझ्याबद्दल एवढं एकच बरं कारण उरलं होतं, आणि ते त्यांच्या हातून काढून घ्यायला मी घाबरलो.

"झालं," मी म्हणालो.

"मग बरं. पोरीची बारावी पार पडेल."

विमानतळात शिरल्यावर त्यांनी माझ्या हातातल्या ट्रॉलीवरून बॅग घेतली. मला नमस्कारही करू दिला नाही, खांद्यावर हात ठेवला आणि पासपोर्टच्या रांगेकडे जाणाऱ्या काचेच्या दारातून पलीकडे गेले. मला वाटलं संपलं. पण पाचसहा पावलांवर ते थांबले. बॅग खाली ठेवली. वळून दोन्ही पाय जुळवले, काचेतून माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि कोपर कमरेला लावून उजव्या हाताची तर्जनी पुढे केली.

पुढे कितीतरी दिवस मी स्वतःची समजूत घातली, की ते मला क्षमा करत होते, चुकलं तरी एक देतात असं सांगत होते. तसंही असेल. पण बोट पुढे करून ते तसेच उभे राहिले होते, आणि तसे ते कशासाठी उभे राहत हे मला दोन महिने त्यांच्या मागे उभं राहून चांगलं ठाऊक होतं. सामन्याच्या त्या दिवशी त्यांना एकच गुण दिसला होता. तोच ते दाखवत होते, आणि पलीकडच्या टोकाला आता मी होतो. पाहिलं, एवढंच मी सांगायचं होतं. नुसता हात वर करायचा होता.

माझे हात रिकाम्या ट्रॉलीवर होते. मी तिचा दांडा घट्ट धरून उभा राहिलो. त्यांच्या मागून येणाऱ्या माणसानं यल्ला, यल्ला म्हणून त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. काकांनी बोट खाली घेतलं, बॅग उचलली आणि ते रांगेत शिरले. बराच वेळ गर्दीत टोपी दिसत होती, मग तीही दिसेनाशी झाली.

मग मी हात वर केला. काचेपलीकडून जाणाऱ्या एका कुटुंबाला वाटलं मी त्यांनाच निरोप देतो आहे. त्यांच्यातली लहान मुलगी वळली आणि तिनं मला हात हलवून उत्तर दिलं.